एका ९ मार्चपासून दुसऱ्या ९ मार्चपर्यंत

युद्ध पेटतं तेव्हा शत्रूची काही व्यापारी जहाजं आपल्याच गोदीत निवांत माल उतरवत असतात. त्यांचं करायचं काय? जुनी रीत दिलदार होती. क्रिमियन युद्धात, १८५४ साली, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी रशियन जहाजांना निघून जायला सहा आठवडे दिले. १९०७ च्या हेग परिषदेत ही रीत कागदावर आली, पण अशी मुदत देणं 'इष्ट' आहे, एवढंच करारात म्हटलं, सक्ती नव्हती. मुदतीअभावी अडकलेलं जहाज मात्र कायमचं बळकावायचं नाही. ते अडवून ठेवावं आणि युद्ध संपल्यावर परत करावं, किंवा भरपाई देऊन वापरावं. मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा.

या रेघेची कसोटी सात वर्षांतच लागली. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनने परस्पर सवलतीची तयारी दाखवली. जर्मनीचं उत्तर वेळेत आलं नाही. सप्टेंबरात लंडनचं प्राइज कोर्ट, म्हणजे युद्धात पकडलेल्या जहाजांचा निवाडा करणारं न्यायालय, क्रिमियन युद्धानंतर प्रथमच भरलं. समोर होतं 'चिली' नावाचं जर्मन जहाज. न्यायाधीश सर सॅम्युएल इव्हान्स यांनी ते पुढील आदेशापर्यंत अडवून ठेवायला सांगितलं. न्यायाधीशाने स्वतःसाठी मोकळी ठेवलेली ही पळवाट मला तरी प्रामाणिक वाटते. ब्रिटनने १९२५ मध्ये हा करारच सोडून दिला.

पोर्तुगालचं प्रकरण आपल्या जवळचं. फेब्रुवारी १९१६ मध्ये, अजून तटस्थ असताना, लिस्बनने आपल्या बंदरांत आसरा घेतलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली. गोव्यात मुरगावला नांगरलेलीही त्यात आली. ब्रिटनला जहाजांची चणचण होती आणि त्याचा आग्रहही होता. जर्मनीने ९ मार्च १९१६ रोजी पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं. मुरगावचं 'ब्रिस्बेन' पुढे 'दमाँव' झालं आणि १९१८ मध्ये एका जर्मन पाणबुडीनेच ते बुडवलं.

दुसऱ्या महायुद्धात मुरगावला पुन्हा तेच दृश्य होतं. 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' ही तीन जर्मन जहाजं, आणि इटली युद्धात उतरल्यावर 'आन्फोरा'. तटस्थ बंदरात लढाऊ जहाजाला सहसा चोवीस तासच थांबता येतं, व्यापारी जहाजाला असं बंधन नाही. म्हणजे ही चारही हवी तितकी वर्षं तिथे राहू शकत होती, आणि त्यांच्यावर हुकूम चालवायचा तर तो फक्त पोर्तुगीजांनी. अमेरिकेने मार्च १९४१ मध्ये, युद्धात नसतानाच, आपल्या बंदरांतली २८ इटालियन, २ जर्मन आणि ३५ डॅनिश जहाजं ताब्यात घेतली होती. खलाशी यंत्रांची मोडतोड करताहेत, हे कारण. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी तसं काही केलं नाही. १९१६ ची किंमत लिस्बन विसरलं नसावं.

'एरेनफेल्स'वरच्या छुप्या ट्रान्समीटरवरून पाणबुड्यांना खबरा जातात, असा ब्रिटिशांचा दावा होता; त्याबद्दल अभ्यासकांत आजही दुमत आहे. गणवेशातला शिपाई पाठवला तर तटस्थतेचा उघड भंग. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतली माणसं निवडली गेली. एरवी कचेऱ्यांत काम करणारी, बहुतेक चाळिशी ओलांडलेली, पोटं सुटलेली. 'फीबी' नावाच्या गाळवाहू बार्जवरून ती आली आणि रात्री 'एरेनफेल्स'वर चढली.

तारीख होती ९ मार्च १९४३. बरोबर सत्तावीस वर्षं.

झटापटीत कप्तान ठार झाला. पण खलाशांनी तळाच्या झडपा उघडल्या आणि 'एरेनफेल्स' बुडू लागलं. ते पाहून बाकीच्या तिन्हींवरच्या माणसांनीही आपापली जहाजं पेटवून बुडवली. जहाज शत्रूला मिळू द्यायचं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता कायदा हाताशी होता तो फक्त पोर्तुगीजांच्या. त्यांनी खलाशांना अटक केली, आपलीच जहाजं बंदरात बुडवली म्हणून. चढून आलेले केव्हाच निघून गेले होते. त्यांना ना पदक मिळालं, ना जाहीर शाबासकी. जेम्स लीझरचं या हल्ल्यावरचं पुस्तक १९७८ मध्ये आलं, तेव्हा जगाला कळलं.

हल्ल्याबद्दल पोर्तुगालने ब्रिटनशी वैर धरलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिस्बनने ब्रिटिशांना अझोर्स बेटांवर तळ दिला, आणि तोही १३७३ सालच्या इंग्रज-पोर्तुगीज तहाच्या आधारे.