बालकांची खुंटलेली वाढ : मदत कोठे आणि केव्हा करावी?

सणासुदीच्या दिवसांत वस्तीतील मुलांना खाऊ वाटण्याचा उपक्रम अनेक धर्मग्रामांत हौसेने होतो. हेतू निर्मळ असतो. परंतु ज्या बालकाची वाढ खुंटली आहे, त्याला त्याचा कितपत लाभ होतो, याचा विचार व्हावयास हवा.

वाढ खुंटणे म्हणजे वयाच्या मानाने उंची फार कमी भरणे. दीर्घकाळ अपुरा आहार व वारंवार होणारे आजार ही त्याची प्रमुख कारणे होत. असे बालक हडकुळे दिसेलच असे नाही. म्हणून ते नजरेतून सुटते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १००० दिवस निर्णायक असतात. नंतर ही हानी भरून काढणे अवघड जाते.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. शासनाने २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले व पुढे या १००० दिवसांवर भर दिला. युनिसेफच्या २०१३ च्या अहवालानुसार, दोन वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये २३ टक्क्यांवर आले. मात्र पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के, तर २०१९-२१ मध्ये ३५ टक्के आढळले. म्हणजे प्रगती अडखळली आहे.

नवी मुंबईत आपण काय करावे? सर्वांसाठी एकच उपाय नाही. प्रथम वस्तीची गरज ओळखावी. बांधकामावर येणारी कुटुंबे वरचेवर जागा बदलतात. तेथे गर्भवती भगिनी व तान्ही बाळे शोधून त्यांची नोंद अंगणवाडीत व पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात करून देणे, हीच मोठी सेवा ठरेल. सहा महिने केवळ स्तनपान, त्यानंतर त्यासोबत पातळ पेजेऐवजी घट्टसर वरणभात, कुस्करलेले अंडे, काटे काढलेली मासळी द्यावी, हे अनुभवी मातांनी घरोघरी जाऊन दाखवावे. जेथे बाळांना वारंवार जुलाब होतात, तेथे आहाराच्या जोडीला शुद्ध पाणी व शौचालयासाठी पाठपुरावा करावा, अन्यथा दिलेले अन्न अंगी लागणार नाही. वजनाबरोबर उंचीही नियमित मोजली जाते का, हे विचारावे.

खाऊवाटपाचा आनंद जरूर द्यावा. पण आपल्या मंडळाच्या पुढील बैठकीत एक प्रश्न अवश्य घ्यावा : आपल्या परिसरात दोन वर्षांखालील बालके किती, आणि त्यांच्यापर्यंत कोण पोहोचते?