गावातली युद्धस्मारकाची पाटी : वाचूया आणि वाचवूया



इंग्लंडमध्ये खेडोपाडी पहिल्या महायुद्धाचं स्मारक म्हणून दगडी क्रॉस उभे आहेत. आपल्याकडे त्याच युद्धाची आठवण काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीतल्या लहानशा संगमरवरी पाटीवर असते. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून किती माणसं गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढाच मजकूर. आकडा असतो, नावं नसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावातले ४६ जण त्या युद्धात गेले, ते परतलेच नाहीत. त्यांचं स्मारक गावानं जपलं आहे.

मग बाकीच्या पाट्यांना कायद्याचं संरक्षण आहे का? इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकासाठी किमान १०० वर्षांची अट आहे आणि व्याख्येत शिलालेखही येतो. पण नुसती शंभरी भरली म्हणून वास्तू संरक्षित होत नाही. त्यासाठी सरकारला अधिसूचना काढावी लागते. राज्याचा वेगळा कायदा १९६० चा आहे. म्हणजे यादीत नसलेली पाटी जुनी इमारत पाडताना राडारोड्यात गेली, तर विचारणारं कुणी नाही. तिचे राखणदार आपणच!

परिसर अभ्यासाच्या तासाला एवढं करता येईल :

१. सकाळच्या तिरप्या उन्हात पाटीचा फोटो काढा, अक्षरं स्पष्ट येतात. मजकूर मुलांना वहीत उतरवू द्या.

२. पाटीवर ऑईलपेंट, सिमेंट किंवा ॲसिड लावू नका. कोरडा मऊ ब्रश पुरे.

३. बांधकाम निघालं तर पाटी सुखरूप काढून पुन्हा बसवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा.

४. नावं शोधा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृत सैनिकांची यादी इंटरनेटवर मोफत आहे. मात्र विट्याकडच्या गावांसाठी 'सांगली' शोधू नका. आपला खानापूर तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, म्हणून 'सातारा' बघा. इंग्रजी स्पेलिंगही वेगवेगळी करून पाहा.

एखाद्या मुलाला तिथे आपलंच आडनाव सापडलं, तर बघा, तो आकडा त्याच्यासाठी माणूस होईल.

तुमच्या गावात अशी पाटी आहे का? उद्या शाळेत जाता-येता जरा भिंतीकडे बघा.