माईक कपाटात आणि आंबा बाजारात



गाळप संपले, बॉयलर थंड झाला, यार्डातल्या गाड्यांची वर्दळ थांबली, आणि आम्ही चार दिवस रत्नागिरीला जाऊन आलो. निमित्त घरगुतीच होते. आपल्या एका जुन्या सभासदाची लेक तिकडे पावसच्या बाजूला दिली आहे. मलकापूर सोडून आंबा घाट उतरायचा, साखरपा, पाली करीत हातखंब्याला यायचे, की अंगाला घाम आणि नाकाला आंब्याचा वास एकदमच लागतो. सासरची हापूसची बाग आहे, जांभ्याच्या कातळावर केलेली. काजूही आहे. घरचा माल दलालाकडे जातोच. पण गेली काही वर्षे ही मुलगी पुणे, सांगली, कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवते. हिशेब चोख, बोलणे गोड. तिला आम्ही ताई म्हणतो, ती आम्हाला काका.

जेवणे झाल्यावर ताईने कपाट उघडून एक खोके दाखवले. आत माईक होता. दसऱ्याचा मुहूर्त पाहून घेतलेला. वरचे प्लॅस्टिकही फाडलेले नव्हते.

"काका, पॉडकास्ट सुरू करायचा होता."

ज्या सभासदांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. रेडिओवरचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो. त्या वेळी आपण मोटार चालू करायला मळ्यात गेलो, की तो हुकला. पॉडकास्ट म्हणजे तसलाच बोलका कार्यक्रम, पण मोबाईलवर ठेवलेला. ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने ऐकावा. हा शब्द 2004 साली इंग्लंडमधल्या एका वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापला गेला. करायला परवाना लागत नाही, मनोरा लागत नाही. यूट्यूबवर किंवा स्पॉटिफायवर फुकट ठेवता येतो. धंदेवाल्याला त्याचा उपयोग असा, की जे आपण दर गिऱ्हाइकाला वेगवेगळे सांगतो ते एकदाच नीट सांगून ठेवता येते.

"मग अडलंय कुठं?" आम्ही विचारले.

तिने जी कारणे सांगितली, ती आम्ही परतीच्या एसटीत टिपून ठेवली. आधी म्हणे नाव सुचत नव्हते. मग दिवाळी आली. मग मोहोर आला, तुडतुड्याच्या फवारण्या सुरू झाल्या. मग कोणी सांगितले की या माईकपेक्षा दुसरा चांगला आहे, तो घेऊन सुरू कर. मग मालक म्हणाले, खोलीत आवाज घुमतो, आधी खोली नीट करू. असे करता करता आंबा काढायची वेळ आली. हापूसचा हंगाम तो केवढा! मार्चपासून फार तर मेअखेरपर्यंत. मिरगाचा पाऊस पडला की खेळ खलास, पुढची गोष्ट पुढच्या वर्षी.

आडसालीची लागण जुलै-ऑगस्टची. ती टळली तर पूर्वहंगामी करू, ती टळली तर सुरू करू म्हणणारे शेतकरी आपल्याकडे थोडे नाहीत. सरी सोडलेली असते, बेणे ठरलेले असते, आणि तरी लागण होत नाही. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. मानसशास्त्राचे अभ्यासक अलीकडे वेगळे सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चालढकल हा बहुतेक वेळा आळस नसतो. काम समोर आले की पोटात जे कालवते ते टाळण्यासाठी माणूस दुसरे काम काढतो. ताई आळशी नाहीच. पहाटे चारला उठून पेट्या भरणारी बाई आळशी कशी म्हणायची? फवारणी, पेट्या, माईकची चौकशी ही सगळी कामे खरीच होती. पण ती पुढे करून एक काम मागे ढकलले जात होते.

आम्ही खोदून विचारले तेव्हा खरी गोष्ट निघाली. "काका, मोबाईलवर माझाच आवाज ऐकला आणि लाज वाटली. असा किनरा आवाज आहे माझा?"

हे प्रत्येकाला वाटते, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो: एक हवेतून, दुसरा कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणारा आवाज जरा जाड असतो. यंत्रात फक्त हवेतला उतरतो, म्हणून तो पातळ वाटतो. पण जगाने आपला तोच आवाज जन्मभर ऐकलेला असतो! ताईच्या गिऱ्हाइकांनी त्याच किनऱ्या आवाजावर विश्वास ठेवून पैसे पाठवले होते.

आमचीही एक फजिती इथे सांगायला हरकत नाही. पुष्कळ वर्षांमागे आकाशवाणीच्या एका केंद्रावर आम्हाला उसाच्या पाचटावर बोलायला बोलावले होते. आम्ही चौदा पाने लिहून नेली. आत गेलो, दार बंद झाले, लाल दिवा लागला आणि घसा कोरडा पडला. पाने थरथरू लागली, त्यांचा खळखळ आवाज यंत्रात उतरू लागला. दोनदा थांबवले. शेवटी तिथल्या साहेबांनी पाने काढून घेतली, समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माझ्या भावाचा ऊस आहे. त्यानं पाचट जाळावं का न जाळावं, एवढंच मला सांगा." त्यांना भाऊ होता की नव्हता कोण जाणे. आम्ही मात्र दहा मिनिटे न अडखळता बोललो.

रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र 1977 साली आले. त्याच्याही आधी, 1956 साली, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक मोठा प्रयोग केला होता. 5 जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची मंडळे केली, त्यांत आपला कोल्हापूरही होता. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, नंतर त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. आमच्या मते यात महत्त्वाचे होते ते प्रश्न. मुंबई-पुण्याचा विद्वान काय सांगतो यापेक्षा गावाला काय पाहिजे ते कळत होते.

याच्याही पुढची गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची. माण तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथे चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नामंजूर केला. कारण अर्ज करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. बायकांनी घरी बसून रडण्यापेक्षा अक्षरे गिरवायला घेतली. काही महिन्यांनी पुन्हा साहेबांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवतो. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्यांच्याच संस्थेने 2008 साली म्हसवडला माणदेशी तरंग हे रेडिओ केंद्र काढले. तिथे बोलणाऱ्या बायका बोलतात ती माणदेशी बोली. कोणी त्यांना पुस्तकी भाषा मागत नाही.

हे सगळे आम्ही ताईला सांगितले. ती हसली, पण माईक काही बाहेर निघाला नाही. उपदेशाने भीती जात असती, तर गावोगावची कीर्तने एवढी वर्षे कशाला चालली असती?

खरी गाठ दुसऱ्या दिवशी सुटली. आम्ही विचारले, "गिऱ्हाईक फोनवर सगळ्यात जास्त काय विचारतं?"

ती चटकन म्हणाली, "साका."

ज्याने महागाची पेटी घेऊन आंबा कापला आणि आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर निघाला, त्याला साका म्हणजे काय ते सांगायला नको. वरून फळ सोन्यासारखे दिसते, कळत काही नाही. उन्हाचा आणि तापलेल्या कातळाच्या उष्णतेचा त्यात वाटा असतो. झाडावर फार पक्व होऊ दिलेल्या फळात तो जास्त निघतो, म्हणून जाणते बागायतदार आंबा चौदा आणे तयार झाला की देठासकट झेल्याने उतरवतात आणि सावलीत ठेवतात. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 1981 साली 'रत्ना' जात दिली, तिच्यात साका होत नाही. पण गिऱ्हाइकाला हापूसच पाहिजे असतो.

"मग पहिल्यांदा साक्यावरच बोल," आम्ही म्हणालो.

घरात वाद झाला. मालकांचे म्हणणे, "आपल्याच मालाचा दोष जगाला सांगायचा? बाजारात आधीच कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकतात. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तरी ते थांबलं नाही. आपण आपल्या तोंडानं साका साका करायचं, आणि गिऱ्हाईक जायचं त्यांच्याकडं." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. ताईचीही आतली भीती तीच होती. आवाजाची लाज हे वरचे साल. कोणी ऐकलेच नाही तर फजिती, आणि सगळ्यांनी ऐकले तर धंद्याला धक्का. शिवाय दलालाला वाटायचे, ही आता आपल्याला वगळून चालली. वर्षाची मिळकत त्या दोन-अडीच महिन्यांत येते, तेव्हा हे भय काल्पनिक नव्हे.

सासूबाई काजू सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगो, फोनवर गिऱ्हाइकाशी साक्याचं तासभर बोलतेस ती कोण? तेच बोल. लपवून का साका जातो?"

मग माणसे कामाला लागली. घुमणाऱ्या खोलीचा प्रश्न होता, तो कसा सुटला पाहा. घरातली एकच खोली अशी, जिथे आवाज मुळीच घुमत नाही: आंब्याची अढी लावलेली. खाली-वर भाताचा पेंढा, तो आवाज पिऊन टाकतो. ताई तिथे पाटावर बसली. पंखा बंद केला. मोबाईल विमानाच्या खुणेवर टाकला, म्हणजे मध्येच फोन यायला नको. माईक तोंडापासून वीतभर, पण थोडा बाजूला धरला. अगदी समोर धरला तर 'प' आणि 'फ' म्हणताना फुंकर बसते. कागद दिला नाही. समोर आम्ही बसलो, आणि सांगलीचे गिऱ्हाईक होऊन तक्रार केली, "ताई, दोन आंबे खराब निघाले हो!"

पहिल्या वेळी ती हसत सुटली. दुसऱ्या वेळी तिसऱ्या वाक्याला अडली. तिसऱ्या वेळी चार मिनिटे बोलली. साका का होतो, आपण काय काळजी घेतो, तरी निघाला तर काय करायचे, फळाचा फोटो पाठवला तर पुढच्या पेटीत भरपाई कशी देतो. मध्ये एकदा "म्हंजे" म्हणाली आणि लगेच "पुन्हा करू का?" असे विचारले. आम्ही नाही म्हटले. एक नियम मात्र घालून दिला: पुन्हा ऐकायचे नाही, आधी पाठवायचे. जगाला नव्हे, फक्त गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना, व्हॉट्सॲपवर. यूट्यूबवर चार भाग झाल्यावर बघू.

बटण दाबताना तिचा हात थरथरत होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. भीती गेली आणि मग काम झाले, असे काही घडले नाही. भीती तिथेच बसलेली होती, पेंढ्यावर, आमच्या शेजारी.

त्या दिवशी काहीही झाले नाही! कोणी हार घातले नाहीत. संध्याकाळपर्यंत चार-पाच जणांचे निरोप आले. एका पुण्याच्या बाईंनी विचारले, पेटी आली की आंबे फ्रिजमध्ये ठेवायचे का. लगेच दुसऱ्या भागाला विषय मिळाला. आणि एका गृहस्थांनी गेल्या वर्षीच्या दोन आंब्यांची भरपाई मागितली. मालकांनी ताईकडे 'बघ, सांगत होतो ना' असे पाहिले. ताईने यंदाच्या पेटीत दोन फळे जास्त टाकायची म्हणून वहीत लिहून ठेवले.

आता आपल्याकडचे बोलू. आपल्या सभासदांत गुऱ्हाळे चालवणारे आहेत. पिवळाधमक गूळ बघून गिऱ्हाईक भुलते आणि हायड्रॉस न घातलेला तांबूस गूळ मागे राहतो. त्याला हे कोण सांगणार? रोपवाटिका करणारे आहेत. को 86032 चे रोप लावताना अंतर किती, पहिले पाणी कधी, हे त्यांना दिवसातून दहा वेळा फोनवर सांगावे लागते. त्यांनी पुढच्या आठवड्यात आलेले फोन फक्त वहीत टिपावेत. सात-आठ प्रश्न सहज निघतील, तेवढे भाग तयार समजावेत. वार मात्र एक धरावा, आणि लागणी-तोडणीच्या धांदलीत जमणार नसेल तर महिन्यातून एकच करावा. जे झेपेल तेच कबूल करावे. माईक नसला तरी चालतो. आमच्या पाहण्यात मोबाईलवरचे बोलणे पुरेसे स्वच्छ येते. अढी नसेल त्यांनी गोधड्यांची उतरंड पाठीशी घ्यावी.

निघायच्या दिवशी सकाळी ताई पुन्हा अढीच्या खोलीत बसली होती, फ्रिजच्या प्रश्नावर. आम्ही दाराबाहेर पिशवी घेऊन उभे. आत ती रंगात आली होती, तेवढ्यात पेट्या न्यायला टेम्पो आला आणि त्याने फाटकातच भला लांब हॉर्न दिला. आम्हाला वाटले, झाले, आता पुन्हा पहिल्यापासून. आतून आवाज आला, "हा आमचा टेम्पो आला बघा, तुमच्याच पेट्या घेऊन चाललाय. तर मी काय सांगत होते…"