जात्याजवळ ठेवलेला फोन

गेल्या लग्नसराईत पुतण्याची हळद होती. माळ्यावरचं जातं खाली काढलं, धुतलं, खुंट्याला हळदकुंकू लावलं. बायका दळायला बसल्या आणि ओवीची वेळ आली तशा सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. मी शाळेत मराठी शिकवणारी, पण मलाही एक धड ओवी येईना! शेवटी सासूबाईंनी खुंटा धरला आणि पंधरा-वीस ओव्या एका दमात म्हटल्या.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन बसले. "आई, कालच्या ओव्या म्हणा ना." तर त्यांना दोनच आठवल्या. "अगं, नुसतं बसून कुठं येतंय? हातात खुंटा पाहिजे." खरंच होतं. मूठभर गव्हाची वैरण घातली, पाळ फिरू लागली, तशी ओवी आपोआप आली.

मैत्रिणींनो, हे धन किती जुनं आहे, पाहा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकात राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात आहे. साने गुरुजींनी, सरोजिनी बाबरांनी ओव्या जमवून छापल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट. हे मला फार आवडलं. एरवी आपल्या आज्यांचं नाव कुठं लागतं?

पिठाची गिरणी आली आणि हाताचे कष्ट वाचले. त्याबद्दल तक्रार नाही. पण कष्टाबरोबर गाणंही गेलं.

तुम्हालाही घरच्या ओव्या टिपायच्या असतील तर माझा अनुभव सांगते. आमच्या लासलगावात सकाळी कांद्याच्या ट्रॅक्टरांची धडधड असते, म्हणून मी दुपार निवडली. पंखा, टीव्ही बंद करावा. फोन जात्यावर किंवा जमिनीवर ठेवू नये, घरघरच जास्त येते. पाटावर घडी केलेलं कांबळं ठेवून त्यावर, गाणारणीच्या तोंडाच्या बाजूला ठेवावा. मध्ये बोलू नये. शेवटी नाव, माहेर आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावी. शब्द वहीत उतरवावेत आणि एक प्रत दुसऱ्या कुणाकडे ठेवावी, कारण फोन बिघडतातच.

आणि सर्वांत महत्त्वाचं, आधी विचारावं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी एका तान्ह्या लेकीची ओवी म्हटली आणि खुंटा थांबला. आठ महिन्यांची होऊन गेलेली त्यांची पहिली मुलगी. लग्नाला चौदा वर्षं झाली, मला हे ठाऊकच नव्हतं. "ही ठेवू नको," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच पुसून टाकली.

बाकी त्रेपन्न ओव्या आहेत. परवा माझी लेक अभ्यास करता करता त्यातली एक गुणगुणत होती. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चाल चुकली गं बाई. ये, बस जात्यापाशी."