खमिराच्या पेशीतील जकात नाके

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जीवशास्त्राशी माझी गाठ दहावीतच सुटली. पण आमची इंदूरला मल्हारगंजात लहानशी बेकरी आहे. गेल्या पौषात यीस्टचा पुडा मी रात्रभर भट्टीपाशी विसरलो आणि दुसऱ्या दिवशी पाव फुगलेच नाहीत. वडील एवढेच म्हणाले, "ते जिवंत आहे तोवरच आपली चूल पेटते." जिवंत! मी तर त्याला कच्च्या मालाच्या खात्यात धरत होतो. तेव्हापासून मिळेल ते वाचू लागलो.

आई धारवाडची. पीठ आंबले की ती 'हुदुगु' म्हणते. कन्नडात ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ लपणे. यीस्टचे खरे काम लपूनच चालते.

ह्या पेशीत तंतुकणिका असतात, म्हणजे पेशीची वीजघरे. त्यांना हजाराच्या आसपास प्रथिने लागतात, पण त्यांच्या स्वतःच्या जनुकांवर प्रमुख अशी आठच तयार होतात. बाकी सारी आयात! त्यासाठी बाह्यपटलावर नाके आहेत. 'टॉम-४०' ह्या प्रथिनाची मार्गिका आयात प्रथिनांना वाट देते. लहान रेणूंसाठी 'पोरिन' नावाची वेगळी मार्गिका आहे. मात्र पोरिनलाही आधी टॉममधूनच यावे लागते.

आजोबांच्या काळी शहराच्या वेशीवर जकात नाके असत, तसेच हे. पण नाकेदाराला हुकूम कोण देतो? साखर मुबलक असली की यीस्ट प्राणवायू असूनही श्वसन आवरते व किण्वन करते. पाव फुगतो तो त्यातल्या वायूने. तेव्हा 'प्रोटीन कायनेज ए' हे एन्झाइम 'टॉम-७०' ह्या स्वागतकाला फॉस्फेट चिकटवते आणि त्याचा माल उतरवून घेण्याचा वेग मंदावतो. २०११ साली जर्मनीतील फ्रायबुर्गच्या संशोधकांनी हे दाखवले. गंमत अशी, की 'कायनेज सीके-२' हे दुसरे एन्झाइम 'टॉम-२२' ला फॉस्फेटच लावते, पण त्याने नाके उभारायला मदत होते. शिक्का एकच, एका कागदावर मनाई, दुसऱ्यावर परवाना!

यीस्टच्या कारखान्यात मळी थोडीथोडी, भरपूर हवेसह देतात, ते ह्याचमुळे. एकदम दिली तर साखर मद्यार्कात जाते आणि यीस्ट कमी वाढते. भांडवल वाढवायचे की रोकड उचलायची, असा तो हिशेब आहे.

हे सारे मी वडिलांना ऐकवले. ते कणीक मळता मळता म्हणाले, "बरं, मग पुडा फ्रिजमध्ये ठेवलास का?"