घोडा लंगडला, माणूस धावला



नांगरटीच्या ऐन घाईत बैल लंगडू लागला, तर आपण काय करतो? जू उतरवतो, पाय उचलून खूर पाहतो, काटा रुतला आहे का, खूर चिरला आहे का ते तपासतो. गरज पडली तर पशुवैद्याला बोलावतो. त्या दिवशी औत थांबते, रान तसेच पडून राहते. पण म्हणून बैल हरला असे कोणी म्हणत नाही. पाय बरा झाला की तोच बैल पुन्हा जुवाखाली येतो.

जनावराच्या बाबतीत आपल्या अंगी मुरलेले हे शहाणपण स्वतःच्या आणि मुलाबाळांच्या शरीराबाबत मात्र आपण फारसे वापरत नाही. म्हणून आज एका शर्यतीची हकिकत सांगतो. ही शर्यत परमुलखातली आहे, पण तिची मुळे जनावरे पाळणाऱ्या माणसांत आहेत. त्यामुळे ती तुम्हाला परकी वाटणार नाही.

घोड्यांची वाट

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाचा उंच पर्वत आहे. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधात आलेले लोक आणि त्यांची जनावरे ज्या वाटांनी हा डोंगर ओलांडत, त्यांतल्या एका वाटेवर १९५५ साली वेंडेल रोबी या गृहस्थाने घोड्यांची दौड सुरू केली. एका दिवसात शंभर मैल जाणारे घोडे आजही आहेत, हे त्याला दाखवून द्यायचे होते. शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटर. मुंबईहून पुण्याला जायचे म्हटले तरी एवढे अंतर भरत नाही.

या दौडीतला एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य उभे असतात. ते घोड्याची नाडी मोजतात, त्याला चालवून पाहतात, अंगातले पाणी कमी झाले आहे का ते बघतात. घोडा पुढे जाण्यास लायक नसेल, तर स्वार कितीही पुढे असो, त्याला तिथेच थांबवतात. तिथे स्वाराच्या हौसेपेक्षा घोड्याच्या पायाला मान जास्त.

गॉर्डी एन्स्ले या तरुणाने १९७१ आणि १९७२ अशी दोन वर्षे ही दौड चोवीस तासांच्या आत पुरी केली. १९७३ साली तो नवा घोडा घेऊन उतरला. एकोणतिसाव्या मैलावरच्या तपासणीत घोडा लंगडताना दिसला आणि पशुवैद्यांनी त्याला थांबवले. गॉर्डीचे ते वर्ष तिथेच संपले.

पुढच्या वर्षी, १९७४ साली, तो घोड्याशिवायच आला. ही दौड जिंकणारी पहिली स्त्री ड्रुसिला बार्नर हिने त्याला धीर दिला आणि घोड्यांच्या सोबतीने तो पायी धावत निघाला. वाट कसली होती ते समजून घ्या. सगळे चढ एकावर एक रचले तर सुमारे अठरा हजार फूट भरतात. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची ५४०० फूट आहे. तिच्या तिपटीहून हे जास्त झाले. उतार त्याहूनही अधिक. वर गार वारा, तर खाली दऱ्यांमध्ये भट्टीसारखी धग. त्या उन्हातून आणि पुढे रात्रीच्या अंधारातून धावत गॉर्डी २३ तास ४२ मिनिटांनी ऑबर्न गावी पोहोचला. जे घोड्याने करायचे ते माणसाने पायी करून दाखवले. त्यातूनच पुढे ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शंभर मैलांची शर्यत उभी राहिली. डोंगरातल्या पायवाटांवर आज जगभर ज्या लांब शर्यती होतात, त्यांत ही वडीलधारी मानली जाते.

अर्ध्यावर थांबलेल्यांची गोष्ट

आपण ऐकतो त्या गोष्टी सहसा जिंकणाऱ्यांच्या असतात. या शर्यतीचा इतिहास मात्र अर्ध्यावर थांबलेल्यांनी भरलेला आहे. गॉर्डीच्या पाठोपाठ १९७५ साली रॉन केली नावाचा धावपटू याच वाटेने निघाला. हातात भरपूर वेळ शिल्लक असताना, गाव अवघे दोन मैल राहिले असता त्याने माघार घेतली. १९७६ साली केन शर्क या दुसऱ्या माणसाने ती वाट साडेचोवीस तासांत पुरी केली. १९७७ साली रीतसर शर्यत भरली, तेव्हा चौदा पुरुष उतरले. घोड्यांच्या तपासणीची तीन ठाणी होती, तिथेच धावणाऱ्यांवरही नजर ठेवली गेली आणि पाणीही तिथेच मिळे. चौदातले तिघे पोहोचले, अकरा मागे राहिले. १९७८ साली पॅट स्माइथ ही पहिली स्त्री साडेएकोणतीस तासांत पोहोचली.

घोड्यांच्या दौडीतला तपासणीचा रिवाज माणसांच्या शर्यतीतही आला. अनेक वर्षे वाटेतल्या ठाण्यांवर धावणाऱ्याचे वजन करत. वजन फार घटले तर अंगातले पाणी कमी झाले, आणि वाढले तर मिठाशिवाय नुसतेच पाणी फार पोटात गेले, असे डॉक्टर ओळखत. दोन्ही गोष्टी जीवावर बेतू शकतात.

आता अलीकडची गोष्ट. जिम वॉम्स्ली हा तरुण २०१६ साली या शर्यतीत सर्वांच्या पुढे होता, विक्रमाच्या वेळेच्याही पुढे होता. नव्वदाहून अधिक मैल झाले होते. तिथे एक वळण त्याच्या नजरेतून सुटले आणि तो भलत्याच वाटेला लागला. चूक लक्षात येऊन परत फिरेपर्यंत सारे हातचे गेले. तो विसावा आला. पण शर्यत सोडून न देता चालत, रखडत तो शेवटापर्यंत गेला. २०१७ साली पुन्हा आला. या वेळी उष्म्याने गाठले, पोट बिघडले आणि ७८ व्या मैलावर, नदीकाठी, त्याने थांबायचे ठरवले. लागोपाठ दोन वर्षे नशीब रुसले म्हणायचे. २०१८ साली तो तिसऱ्यांदा आला आणि १४ तास ३० मिनिटांत विक्रम करून जिंकला. २०१९ मध्ये स्वतःचाच विक्रम मोडून त्याने १४ तास ९ मिनिटांत वाट पुरी केली.

एका वर्षी तो न थांबता गेला आणि दुसऱ्या वर्षी मध्येच थांबला. पहिल्या वेळी बिघाड वेळापत्रकात होता, शरीर चालण्याजोगे होते. दुसऱ्या वेळी शरीरच नाही म्हणत होते. हा फरक ओळखणे हेच या खेळातले खरे कसब.

आणि ज्यांना वाटते की हे सारे तरुणांचे काम, त्यांच्यासाठी २०१५ सालची हकिकत. या शर्यतीला तीस तासांची मुदत असते. गनहिल्ड स्वान्सन या सत्तर वर्षांच्या बाई शेवटच्या मैलात होत्या आणि मुदत संपत आली होती. त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार आदल्या रात्रीच शर्यत संपवून मोकळा झाला होता. तो पायात साध्या चपला घालून त्यांच्या सोबत धावू लागला. बाई २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंदांनी पोहोचल्या. मुदतीला सहा सेकंद बाकी होते.

आपल्या दाराशी

तुम्ही म्हणाल, साहेब, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या सह्याद्रीतही आता अशा शर्यती होतात. सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणाऱ्या वाटांवर माणसे धावतात. आणि त्याहून जवळचे सांगतो. कामानिमित्त गावोगाव फिरताना पहाटे कालव्याच्या रस्त्याने, बांधाच्या पायवाटेने धावणारी मुले-मुली मला जागोजागी दिसतात. कोणाला सैन्यात जायचे असते, कोणाला पोलीस भरतीत १६०० किंवा ८०० मीटर मारायचे असतात. भरती चुकली तर वय निघून जाईल, घरची आशा मोडेल, हे ओझे त्यांच्या पाठीवर असते. म्हणून ती दुखणे लपवतात. नडगी ठणकत असते, पण बापाला सांगत नाहीत.

अशा घरांसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. दुखण्या-दुखण्यात फरक असतो. नव्याने धावायला लागल्यावर, विशेषतः उतारावरून धावल्यावर, दोन्ही मांड्या भरून येतात. हे दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते. घाबरू नये. पण एकाच पायात, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, धावताना वाढत असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडत असल्याचा संभव असतो. तिथे तेल चोळून भागत नाही. धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. काही आठवडे विसावा दिला की असे हाड बहुधा सांधते. तसेच रेटले तर पुरते मोडू शकते.

दुसरी गोष्ट उन्हाची. उन्हात धावताना घामावाटे पाणी जाते तसे मीठही जाते. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा मीठ घातलेले ताक थोडे थोडे घ्यावे. धावणारा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला उन्हाचा झटका आला असे समजून ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. दुखणे दाबायची गोळी खाऊन कोणी धावू नये. उन्हात, अंगात पाणी कमी असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. शिवाय दुखणे म्हणजे शरीराने घातलेली हाक असते, तीच बंद होते. फार मेहनतीनंतर लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर तो दिवस घरी काढू नये, लगेच दवाखान्यात जावे.

चौथी गोष्ट परतण्याची. थांबलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी जुन्या अंतराला हात घालू नये. आजारातून उठलेल्या बैलाला आपण आधी मोकळे चालवतो, मग हलक्या कामाला जुंपतो आणि नांगराला सर्वांत शेवटी. माणसानेही आधी चालावे, मग चालता-धावता जावे, आणि दुखत नाही अशी खात्री पटल्यावरच अंतर वाढवावे. वेग त्याच्याही नंतर.

गॉर्डीचा घोडा १९७३ साली लंगडत असताना कोणी तसाच पुढे हाकला असता, तर एक जनावर कामातून गेले असते. पशुवैद्यांनी ते वाचवले आणि स्वाराला विचार करायला एक वर्ष मिळाले. पुढे त्याच गॉर्डीने वीसहून अधिक वेळा ती शंभर मैलांची वाट आपल्या पायांनी पुरी केली. अडचण आली म्हणून कायमचे घरी बसणे जितके चूक, तितकेच अडचणीकडे डोळेझाक करून धावत सुटणे चूक. या दोन्हींच्या मधून एक वाट आहे. ती थोडी लांबची आहे, पण मुक्कामाला नेणारी आहे.

तुमच्या घरात पहाटे उठून धावणारे कोणी असेल, तर आज रात्री जेवायला बसल्यावर त्याला किंवा तिला ‘आज किती मिनिटांत मारलेस?’ हे मागाहून विचारा. आधी विचारा, ‘पाय कसा आहे?’ आणि उत्तर द्यायला जरा वेळ लागला, तर उद्याची पहाट झोपू द्या.