ओट्यावरचे बोलणे आणि ३४० रुपयांची उधारी

मगरिबची नमाज झाली की आमच्या चाळीच्या ओट्यावर बैठक भरते. जांभूळला राहणाऱ्या माणसाला बातम्यांची टंचाई कधी पडत नाही. कोणी अंबरनाथला कामाला जातो, कोणी बदलापूरला, कोणी उल्हासनगरला. संध्याकाळी परतताना प्रत्येक जण पिशवीत भाजी आणि तोंडात एखादी बातमी घेऊनच येतो.

समोरच्या काकी इथल्याच, घरची थोडी भातशेती आहे. शेजारच्या खालांचे माहेर मुंब्र्याचे. दादा रेल्वेतून निवृत्त झालेले. कोपऱ्यावरच्या सिंधी भाभी उल्हासनगरात गजानन मार्केटला कपड्यांच्या दुकानात हिशेब पाहतात. आणि आम्ही शाळेतले, म्हणून कोणताही वाद अडला की शेवटी "सर, तुम्ही सांगा" असे होते. हा मान आम्हाला आवडतो, हे कबूल करायला हवे. पुढे सांगणार आहोत ती चूक त्या मानातूनच झाली.

साबण, सोने आणि पाणी

बैठकीची सुरुवात नेहमी भावांपासून होते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. २२ तारखेपासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा कर तर पूर्ण गेला.

"मग माझ्या साबणाची किंमत तीच कशी?" काकींनी विचारले.

"साबण जुना असेल," दादा म्हणाले.

"साबण जुना असला तरी पैसे नवेच देते मी!"

भाभी हसून म्हणाल्या, "आमच्या मार्केटला चला काकी, भाव कमी करून दाखवते." त्यावर दादांनी त्यांचा ठेवणीतला विनोद काढला, की उल्हासनगरच्या मालावरचे 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. भाभींनी तो हजारदा ऐकला आहे, तरी त्या दर वेळी हसतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या लष्करी छावण्यांमधून १९४९ साली हे शहर उभे राहिले. त्यांच्या सासऱ्यांनी कॅम्पातल्या बराकीत संसार मांडला आणि डोक्यावर गठ्ठा घेऊन दारोदार कापड विकले. त्यामुळे विनोद झाला की त्या एवढेच म्हणतात, "कॉपी केली असेल, भीक नाही मागितली."

सोन्याने तोळ्यामागे लाखाचा आकडा ओलांडला तेव्हा खालांना वेगळीच काळजी लागली. त्यांच्याकडे आईने दिलेल्या दोन बांगड्या आणि थोडी चांदी. जकात लागू होते की नाही? साडेसात तोळे सोने म्हणजे ८७.४८ ग्रॅम, आणि साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, हा निसाबचा हिशेब आम्ही वहीवर मांडून दिला. दोन्ही थोडे थोडे असले की एकत्र किंमत धरायची का, हे मात्र "इमामसाहेबांना विचारा" म्हणून सोडले. जे आपल्याला पक्के माहीत नाही त्यावर असे बोलण्याची सवय आम्हाला उशिरा लागली.

पाण्याचा विषय निघाला की जांभूळची मान ताठ होते. बारवी धरणाचे पाणी एमआयडीसीच्या जांभूळ जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होते आणि पुढे दूरवर जाते. केंद्रात देखभालीचे काम निघाले की कळवा, मुंब्रा, दिव्याच्या भागांतही चोवीस तास नळ कोरडे. त्या दिवशी खालांच्या बहिणीचा मुंब्र्याहून फोन ठरलेला: "तुमच्या गावाने आमचे पाणी तोडले!" एकदा या चोवीस तासांचे ओट्यावर येईपर्यंत तीन दिवस झाले. रात्री दहा वाजता पोरे वीस लिटरचे जार शोधत बदलापूरपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी पाणी आले, आणि प्रत्येक घरात भरलेले जार एकमेकांकडे बघत उभे. त्यावर आम्ही महिनाभर हसलो.

पण प्रत्येक अफवेवर नंतर हसता येत नाही.

फेब्रुवारी २०२०

चाळीच्या तोंडाशी एक कोंबडीवाला होता. गाळा भाड्याचा, एक काटा, चार पिंजरे. माणूस मितभाषी. त्याची मुलगी आमच्याच शाळेत आठवीत होती. आमचे त्याच्याकडे खाते चाले. पगार झाला की चुकते करायचे.

त्या महिन्यात चीनमधल्या नव्या आजाराच्या बातम्या येत होत्या. एका संध्याकाळी मोबाइलवर एक फोटो आला: रोगट कोंबड्या, आणि खाली लिहिलेले की कोरोना चिकनमधून पसरतो. ओट्यावर नेहमीप्रमाणे प्रश्न आला, "सर, खरे का?"

आम्हाला माहीत नव्हते. "माहीत नाही" एवढेच म्हणायला हवे होते. आम्ही म्हणालो, "कशाला धोका घ्या? काही दिवस बंद ठेवलेले बरे." आणि तो फोटो आम्ही आणखी दोन गटांवर पाठवला, सावधगिरी म्हणून. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात 'अफवांपासून सावध' या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेतला होता.

कोंबडीने हा विषाणू माणसांत पसरतो याला कसलाही आधार नव्हता आणि सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने तसे जाहीरही केले. पण खुलासा आमच्या गटांवर कोणी पाठवला नाही. देशभर कुक्कुटपालकांचे भाव कोसळले. बेळगाव जिल्ह्यात गोकाक तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्याने मार्च २०२० मध्ये सुमारे ६,००० कोंबड्या जिवंत पुरल्या. खाद्याचा खर्चही सुटत नव्हता. महाराष्ट्राने हे आधीही पाहिले होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला. तिथे रोग खरा होता आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पण त्या साथीत माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही, आणि नीट शिजवलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही हे तेव्हाच सांगितले गेले होते. तरीही शेकडो मैलांवरची, रोगाशी संबंध नसलेली दुकाने ओस पडली. आम्ही तेव्हा तरुण होतो, हे सगळे वाचले होते. चौदा वर्षांत विसरलो.

आमच्या कोंबडीवाल्याचे पिंजरे भरलेलेच राहू लागले. तो कोणाशी भांडला नाही. येता-जाता सलाम करी. आम्ही सलामाला उत्तर देत होतो आणि खरेदी पुढच्या गल्लीतल्या डेअरीत, पनीरची करत होतो. मग टाळेबंदी आली. गाळ्याचे भाडे थकले. एके दिवशी तो कुटुंबासह गावी निघून गेला. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखलाही नेला नाही.

नंतर घरी डायरी चाळताना कळले की आमच्या खात्यावर त्याचे ३४० रुपये बाकी होते.

भेंडीला नाव कोण विचारते?

एप्रिल २०२० मध्ये वारे फिरले. आजार अमुक समाजच पसरवतो, फळे-भाजी त्यांच्याकडून घेऊ नका, असे व्हिडिओ फिरू लागले. ते किती खोटे होते हे सांगायला आता वकील नको. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा केले गेल्यासारखे दिसते, या अर्थाचे ताशेरे ओढले. पण हातगाडीवाल्याचा दिवस न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नाही.

आमच्या चाळीत एक भाजीवाला येई. एके सकाळी बाजूच्या इमारतीतल्या कोणीतरी वरून ओरडून त्याला नाव विचारले. तो गप्प उभा राहिला. आम्ही खिडकीत होतो. घशाला कोरड पडली, खाली उतरवले नाही. उतरल्या त्या काकी. तोंडाला पदर बांधून गाडीपाशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अर्धा किलो भेंडी दे रे. भेंडीला नाव कोण विचारते?" त्यांच्यामागे भाभी आल्या, मग दादा. त्या दिवशी गाडी आमच्या दारातच अर्धी रिकामी झाली.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आपल्या माणसावर खोटे आले तेव्हा ते आपल्याला टोचले. दोन महिन्यांपूर्वी आपणच एका माणसावर खोटे ढकलले तेव्हा ते 'सावधगिरी' होते! हत्यार तेच होते, मोबाइलवरचा एक फोटो आणि "कशाला धोका घ्या" हे तीन शब्द. काकी चौथी शिकलेल्या, आम्ही बीएड.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आदेश आहे की बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी लोकांचे नुकसान कराल आणि मग पश्चात्ताप होईल. ही आयत आम्ही कितीदा ऐकवली असेल. ऐकलेले सगळे पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या आशयाची हदीसही पाठ होती. मापात पाप करणाऱ्या दुकानदाराबद्दल आपण तावातावाने बोलतो. पण आपल्या तोंडच्या बातमीलाही एक काटा असतो, हे ध्यानात राहत नाही.

ओट्याची नवी रीत

अफवा किती महाग पडते याचे हिशेब आता आमच्या ओट्यावर पाठ आहेत. नोटाबंदीच्या त्याच आठवड्यात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, मीठ संपणार म्हणून उत्तर प्रदेश, दिल्लीपासून हैदराबादपर्यंत लोक रांगा लावून मीठ घेत होते. मिठाचा तुटवडा नव्हताच. दहा रुपयांचे नाणे खोटे म्हणून दुकानदार घेईनात, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की वेगवेगळ्या १४ नक्षींची ही सगळी नाणी चलनात आहेत. इथपर्यंत फक्त पैसे गेले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालता आली, जिभेला ती आपणच घालायची.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. बातमी आणणाऱ्याने सांगायचे: पाहिले, वाचले की ऐकले? नुसते ऐकले असेल तर ती गंमत म्हणून ऐकू, पण पुढे पाठवणार नाही. बातमीने कोणाची रोजी अडत असेल तर आधी त्या माणसाकडे जाऊन विचारू. दुकानदाराने छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असेल तर ओट्यावर त्याची बदनामी न करता बिल दाखवून त्यालाच विचारू. नाहीच ऐकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि आम्ही चुकीचे बोललो असू, तर जिथे बोललो तिथेच चूक सांगू.

या शेवटच्या नियमाची सुरुवात आम्हाला स्वतःपासून करावी लागली. एका संध्याकाळी आम्ही ओट्यावर कोंबडीवाल्याची गोष्ट सगळी सांगितली, डायरीतल्या ३४० रुपयांसकट. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादा म्हणाले, "सर, आम्हीही ऐकलेच ना तुमचे. विचारायला त्याच्याकडे कोणी गेले नाही."

गाळेमालकाकडे विचारले, शाळेच्या जुन्या रजिस्टरमधला फोन नंबर लावला. तो बंद आहे. इमामसाहेब म्हणाले, शोधत राहा. अगदीच सापडला नाही तर त्याच्या नावाने सदका करा, पण तो आला तर त्याचे पैसे त्याला द्यावेच लागतील. ३४० रुपये वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. ते देता येतील, इन्शाअल्लाह. आमच्या तोंडून गेलेल्या त्या तीन शब्दांची भरपाई कोणत्या पाकिटात ठेवायची, हे मात्र इमामसाहेबांना विचारण्याचे अजून धैर्य झालेले नाही.

त्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. काल खाला ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर, ऐकले का, कांदा शंभरावर जाणार आहे म्हणे."

काकींनी निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली. "पाहिले, वाचले की ऐकले?"

खाला हसल्या. "ऐकले."

"मग बसा, चहा घ्या. उद्या बाजारात जाऊनच बघू."